वाय दाबण्याआधी: डेबियन-उबुंटू सर्व्हरवर पॅकेजं सांभाळण्याची रीत

‘पुढे जायचं का?’ असं ॲप्ट (डेबियन-उबुंटू या लिनक्स प्रणालींत पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार संच, टाकणारा प्रोग्राम) विचारतं आणि आपण वरचं न वाचताच वाय दाबतो. सर्व्हरवरच्या बऱ्याच भानगडी इथेच सुरू होतात. त्या प्रश्नाच्या वरच्या ओळींत पुढे काय होणार ते आधीच लिहिलेलं असतं: काय नवीन येणार, काय बदलणार, काय काढून टाकलं जाणार आणि डिस्कवर किती जागा लागणार. पॅकेजचं काम म्हणजे मुख्यतः हे वाचणं. टाइप करायला फारसं लागत नाही.

खालच्या कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. जिथे सिस्टिममध्ये बदल होतो तिथे आधी ‘सुडो’ (रूट, म्हणजे मुख्य प्रशासक म्हणून कमांड चालवणारा शब्द) लावायचं हे गृहीत धरलं आहे.

कोणाचं काम कोणतं

खालच्या थरात डीपीकेजी असतं. ते डेब फाइल (पॅकेज ज्या रूपात येतं ती फाइल) उघडतं, फाइली जागच्या जागी ठेवतं, पॅकेजसोबत आलेल्या स्क्रिप्ट चालवतं आणि सगळी नोंद ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ या फाइलीत ठेवतं. इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेजला चालायला लागणारं दुसरं पॅकेज, नसेल तर तक्रार करून थांबणं एवढंच त्याला जमतं. त्याच्या वर ॲप्ट. रिपॉझिटरीतून (इंटरनेटवरच्या पॅकेजांच्या भांडारातून) पॅकेज आणणं, कशाला काय लागतं याचा हिशेब करणं आणि योग्य क्रमाने डीपीकेजीला हुकूम सोडणं हे त्याचं काम. एरर आली की ती कोणत्या थरातली आहे हे आधी ओळखायचं. डाउनलोड, सही, ‘अनमेट डिपेंडन्सीज’ हे ॲप्टचं क्षेत्र. ‘सबप्रोसेस… रिटर्न्ड एरर’ दिसलं तर पॅकेजची स्वतःची स्क्रिप्ट अडली आहे, आणि तिथे इंटरनेट तपासत बसण्यात अर्थ नाही.

‘ॲप्ट’ आणि ‘ॲप्ट-गेट’ यांतला फरकही कामाचा आहे. ‘ॲप्ट’ ही कमांड 2014 साली 1.0 आवृत्तीत माणसांसाठी म्हणून आली. तिचं आउटपुट पुढच्या आवृत्तीत बदलू शकतं, म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘ॲप्ट-गेट’च वापरायचं. वागण्यातही फरक आहे: ‘ॲप्ट अपग्रेड’ गरज पडली तर नवीन पॅकेज टाकतं, ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ टाकत नाही. कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) नवी आवृत्ती बहुतेकदा वेगळ्या नावाचं पॅकेज असते. त्यामुळे नुसत्या ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’वर विसंबलेल्या सर्व्हरवर नवा कर्नल सहसा येतच नाही, आणि अपग्रेड तर नियमित चालू आहे असं वाटत राहतं.

सुरुवातीआधी

अपग्रेड नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारे प्रोग्राम) आत चालवायचं. मध्येच एसएसएच (दुरून लॉगिन करायची जोडणी) तुटलं तर साध्या सेशनमध्ये चाललेली प्रक्रिया मरू शकते आणि पॅकेजं अर्धवट अवस्थेत राहतात. टीमक्समध्ये ती चालू राहते. पुन्हा लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की झालं.

मग जागा. ‘डीएफ -एच’ने मूळ डिरेक्टरी ‘/’, ‘/व्हार’ आणि ‘/बूट’ पाहायचं, आणि ‘डीएफ -आय’ने आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद; या नोंदींची संख्या मर्यादित असते). जागा भरपूर दिसते पण आयनोड संपलेले असतात, असं कर्नलच्या जुन्या हेडर पॅकेजांमुळे होतं. त्यांत हजारो बारीक फाइली असतात. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही एरर दोन्ही वेळा तशीच येते.

परतीची वाट अपग्रेडच्या आधीच तयार हवी. ॲप्टमध्ये मागे जाण्याचं बटण नाही आणि डेबियनमध्ये पॅकेज डाउनग्रेड करणं अधिकृतपणे समर्थित नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्या. डेटाबेस असेल तर स्नॅपशॉट असला तरी वेगळा डंपही (डेटाची फाइलीत काढलेली प्रत) घ्या.

पायरी पहिली: यादी ताजी करणं

ॲप्ट अपडेट

याने एकही पॅकेज बदलत नाही. रिपॉझिटरीत काय आहे याची यादी फक्त ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’मध्ये येते. आउटपुटमध्ये ‘हिट’ म्हणजे यादी बदललेली नाही, ‘गेट’ म्हणजे नवी आणली, ‘इग्न’ म्हणजे दुर्लक्ष केलं, आणि ‘एरर’ म्हणजे थांबून वाचायचं. इथे अडायची ठरावीक कारणं:

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’: सर्व्हरचं घड्याळ मागे आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ने वेळ पाहा आणि एनटीपी (वेळ आपोआप जुळवणारी सेवा) चालू करा. स्नॅपशॉटवरून उठवलेल्या मशीनवर हे हमखास दिसतं.

‘नो पबकी’: त्या रिपॉझिटरीची सही तपासायची किल्ली नाही, किंवा आहे पण वाचता येत नाही. ॲप्ट डाउनलोडसाठी ‘_ॲप्ट’ नावाचा कमी अधिकारांचा युजर वापरतं. किल्लीच्या फाइलीला 600 परवानगी असली तर त्याला ती दिसत नाही; 644 करा.

‘हॅश सम मिसमॅच’: बहुतेक वेळा मधल्या प्रॉक्सीने (फाइली साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरने) जुनी फाइल दिलेली असते, किंवा मिरर (रिपॉझिटरीची प्रत ठेवणारा सर्व्हर) नेमका त्याच वेळी स्वतःला ताजा करत असतो. थोडं थांबून पुन्हा चालवा. तरीही येत असेल तर लिस्ट्स डिरेक्टरीतल्या फाइली काढून पुन्हा अपडेट करा.

‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल’: ती आवृत्ती आयुष्य संपून जुन्यांच्या संग्रहात गेली असेल, किंवा कोडनेम (आवृत्तीचं टोपणनाव) लिहिताना चूक झाली असेल.

‘चेंज्ड इट्स सूट व्हॅल्यू’: डेबियनची नवी आवृत्ती आली आणि तुमची ‘स्टेबल’ची ‘ओल्डस्टेबल’ झाली. सोर्सेस फाइलीत (रिपॉझिटरींची यादी असलेल्या) कोडनेम लिहिलेलं असेल तर ‘--अलाउ-रिलीजइन्फो-चेंज’ देऊन मान्य करायला हरकत नाही. पण तिथे ‘स्टेबल’ हा शब्दच लिहिलेला असेल तर पुढचं अपग्रेड तुम्हाला थेट नव्या आवृत्तीत घेऊन जाईल. सर्व्हरवर कायम कोडनेमच लिहायचं ते यासाठी.

पायरी दुसरी: आधी कोरडी तालीम

ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल
ॲप्ट-गेट -एस अपग्रेड

दुसरी कमांड काहीही न बदलता सगळा क्रम दाखवते; तिला रूटचे अधिकारही लागत नाहीत. ‘इन्स्ट’ने सुरू होणाऱ्या ओळीत चौकोनी कंसात आत्ताची आवृत्ती आणि गोल कंसात येणारी आवृत्ती असते. नजर ठेवायची ती ‘रेम्व्ह’च्या ओळींवर. ‘अपग्रेड’ काहीच काढत नाही, त्यामुळे तिथे त्या येणार नाहीत. पण ‘फुल-अपग्रेड’ आणि साधं ‘इन्स्टॉल’ही काढू शकतं. दोन पॅकेजं एकमेकांच्या विरोधात असतील तर नवं टाकताना जुनं जातं, आणि ते जुनं तुमचा चालू मेल सर्व्हरही असू शकतो.

प्रश्नांना आपोआप ‘हो’ म्हणणाऱ्या ‘-वाय’ स्विचवर फार विश्वास ठेवू नका. सिस्टिमला अत्यावश्यक म्हणून नोंदलेलं पॅकेज काढायची वेळ आली तर तो थांबतो, होल्ड केलेलं (मुद्दाम गोठवलेलं) बदलायचं असेल तरी थांबतो. तुमचा डेटाबेस त्याच्या लेखी अत्यावश्यक नाही. तो निमूटपणे काढला जाईल.

‘केप्ट बॅक’च्या (अपग्रेड न करता मागे ठेवलेल्या पॅकेजांच्या) यादीत पॅकेज राहिलं की लोक घाईने ‘फुल-अपग्रेड’ मारतात. आधी कारण पाहा. त्या पॅकेजला दुसरं काहीतरी काढावं लागणार असेल, ते होल्डवर असेल, किंवा उबुंटूवर ते टप्प्याटप्प्याने सोडलं जात असेल. ‘फेजिंग’ असा उल्लेख दिसला तर काही करायचं नाही. तुमच्या मशीनची पाळी आली की ते आपोआप येतं.

नवं पॅकेज टाकताना

ॲप्ट पॉलिसी एनजिनएक्स
ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल एनजिनएक्स

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर नुसता उदाहरणादाखल. ‘पॉलिसी’ दाखवते की कोणती आवृत्ती लागलेली आहे, कोणती येणार आणि ती कोणत्या रिपॉझिटरीतून. शेजारचे आकडे प्राधान्याचे: साधी रिपॉझिटरी 500, बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी पुन्हा बनवलेल्या नव्या आवृत्त्या) 100. एकच नाव दोन ठिकाणी असेल तर मोठा आकडा जिंकतो, आकडे सारखे असतील तर मोठी आवृत्ती. ‘मी तर डेबियनचं टाकलं होतं, हे कुठून आलं?’ याचं उत्तर इथेच मिळतं.

ॲप्ट ‘रेकमेंड्स’मध्ये (शिफारशींत) लिहिलेली पॅकेजंही ओढून आणतं. सर्व्हरवर ती पुष्कळदा नको असतात. ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ दिलं की यादी आटोपशीर होते. हे डोळे झाकून सगळीकडे लावू नका. एखादं सॉफ्टवेअर सुरू होतं, पण त्याचं एक अंग चालत नाही, आणि कारण वगळलेल्या शिफारशीत सापडतं.

डेबियन आणि उबुंटूवर सर्व्हिसचं (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामचं) पॅकेज टाकलं की ती सर्व्हिस लगेच सुरू होते, तीही कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर. फायरवॉल नसेल तर तेवढ्या वेळात पोर्ट जगाला उघडा असतो. सोपा उपाय: टाकण्याआधीच ‘सिस्टिमसीटीएल मास्क’ करून ठेवायचं, म्हणजे सर्व्हिस सुरूच होत नाही. युनिट (सर्व्हिसची फाइल) अजून नाही अशी सूचना येईल, येऊ द्या. पॅकेज टाका, कॉन्फिग (सेटिंगची फाइल) नीट करा, मग ‘अनमास्क’ करून सुरू करा.

कॉन्फिग फाइलीचा प्रश्न

अपग्रेडच्या मध्येच डीपीकेजी थांबून विचारतं की कॉन्फिग फाइल तुमची ठेवू की पॅकेजवाल्यांची घेऊ. हा प्रश्न दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल तरच येतो: तुम्ही फाइल बदललेली असते आणि पॅकेजमधली फाइलही मागच्या आवृत्तीपेक्षा वेगळी असते. वाय किंवा आय म्हणजे नवी घ्या, एन किंवा ओ म्हणजे जुनी ठेवा, डी म्हणजे फरक दाखवा, झेड म्हणजे शेल उघडा. नुसतं एंटर दाबलं तर जुनी राहते.

आधी डी दाबायचं. हे टाळलं की दोन्हीकडून फसगत आहे. नवी घेतली तर एसएसएचचा बदललेला पोर्ट किंवा डेटाबेसचं मेमरी सेटिंग पुसलं जातं. एसएसएचच्या बाबतीत ते कळतं तेव्हा आपण बाहेर असतो. जुनी ठेवली तर नव्या आवृत्तीने काढून टाकलेला एखादा पर्याय फाइलीत राहतो आणि सर्व्हिस सुरू व्हायला नकार देते. सर्व्हर चालू ठेवायचा म्हणून बहुतेक वेळा जुनी ठेवणं बरं. पण काम तिथे संपत नाही: नवी फाइल शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपटीने पडलेली असते, आणि नवी घेतली असेल तर तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ म्हणून. अपग्रेडनंतर हे चालवा (यूसीएफ हे कॉन्फिग फाइली सांभाळणारं दुसरं साधन):

फाइंड /ईटीसी -नेम '*.डीपीकेजी-*' -ओ -नेम '*.यूसीएफ-*'

आणि सापडलेल्या प्रत्येक जोडीचा फरक पाहून बदल हाताने मिसळा. त्याहून चांगली सवय म्हणजे मूळ फाइलीला हातच न लावणं. आजकाल बहुतेक सॉफ्टवेअर शेजारच्या ‘.डी’ डिरेक्टरीतल्या छोट्या फाइली वाचतं. एसएसएचसाठी ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’, सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीसाठी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’. तुमचे बदल तिथे ठेवले की हा प्रश्न उठतच नाही.

स्क्रिप्टमधून चालवताना प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी नसतं. तिथे ‘डेबियन-फ्रंटएंड’ हे व्हेरिएबल ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ ठेवायचं (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर) आणि डीपीकेजीला ‘--फोर्स-कॉन्फडेफ’ व ‘--फोर्स-कॉन्फओल्ड’ द्यायचं, म्हणजे ठरलेलं उत्तर असेल तिथे ते घेतलं जातं, नाही तर जुनी फाइल राहते. व्हेरिएबल ‘सुडो’च्या आधी लिहिलं तर सुडो ते सहसा गाळून टाकतं, ते सुडोच्या नंतर, ॲप्ट-गेटच्या आधी लिहा.

अपग्रेड झालं, पण लागू झालं का

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं सुरक्षा अपग्रेड झालं. डिस्कवर नवी लायब्ररी आली. पण आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरतो, त्याला रीस्टार्ट करेपर्यंत. ‘नीडरीस्टार्ट’ हे पॅकेज अशा सर्व्हिसची यादी देतं, आणि उबुंटू सर्व्हरवर ते अपग्रेडनंतर आपोआप चालतं. कर्नलला मात्र रीबूटच लागतो. ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसली तर तो बाकी आहे. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल आणि ‘/बूट’मधला सगळ्यात नवा ताडून पाहणं हीसुद्धा खात्रीची रीत.

लॉक

‘कुड नॉट गेट लॉक’ ही एरर नसून सूचना आहे: दुसरं कोणीतरी आत काम करतंय. बहुधा अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपग्रेड करणारा प्रोग्राम). ‘ॲप्ट-डेली’ आणि ‘ॲप्ट-डेली-अपग्रेड’ हे दोन सिस्टिमडी टायमर ते चालवतात, आणि नुकत्याच सुरू झालेल्या क्लाउड मशीनवर पहिल्या काही मिनिटांत हेच आडवं येतं. त्या सूचनेत प्रोसेसचा क्रमांक असतो. तो ‘पीएस’ने पाहा आणि थांबा. स्क्रिप्टमध्ये

ॲप्ट-गेट -ओ डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=300 इन्स्टॉल …

दिलं की पाच मिनिटं वाट पाहिली जाते. लॉकची फाइल ‘आरएम’ने उडवायचा सल्ला जागोजागी सापडतो, पण तो धोक्याचा आहे. फाइल नुसती असणं म्हणजे लॉक नव्हे. प्रोसेस ती धरून ठेवते तेव्हा लॉक लागतो, आणि प्रोसेस मेली की आपोआप सुटतो. चालू प्रोसेसच्या हाताखालची फाइल उडवली तर दोन डीपीकेजी एकाच वेळी स्टेटस फाइलीत लिहायला लागतात.

अर्धवट राहिलेलं काम

वीज गेली, मशीन अडकलं, जागा संपली. क्रम असा:

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली कमांड उघडलेली पण मांडणी बाकी असलेली पॅकेजं पूर्ण करते. दुसरी डिपेंडन्सीची भोकं बुजवते. कधी कधी ती पॅकेज काढून बुजवते, म्हणून तिची यादी दोनदा वाचा.

‘पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट… एरर एक्झिट स्टेटस 1’ असं येत राहिलं तर पॅकेज पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही. स्क्रिप्टने सर्व्हिस सुरू करायचा प्रयत्न केला आणि ती उठली नाही, हे नेहमीचं कारण. ‘जर्नलसीटीएल -यू’ पुढे सर्व्हिसचं नाव देऊन शेवटच्या ओळी वाचा. पोर्ट 80 दुसऱ्याच वेब सर्व्हरने धरलेला असतो, किंवा कॉन्फिगमध्ये एक अर्धविराम सुटलेला असतो. ते दुरुस्त केलं की ‘--कॉन्फिगर -ए’ सरळ पार पडतं. सर्व्हिसचा संबंध नसेल तर स्क्रिप्ट स्वतःच वाचा. ती ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’मध्ये पॅकेजच्या नावाने असते आणि साधी शेल स्क्रिप्ट असते.

आणखी एक चकवा: सुरक्षेसाठी ‘/टीएमपी’ला ‘नोएक्झेक’ लावलेलं असेल तर पॅकेजांच्या प्रश्नोत्तरांच्या स्क्रिप्ट तिथून चालत नाहीत आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं, तेही रूट असताना. ‘ॲप्ट::एक्स्ट्रॅक्टटेम्प्लेट्स::टेम्पडिर’ हे सेटिंग दुसऱ्या डिरेक्टरीकडे वळवा.

‘/बूट’ भरलं तर

वेगळं, छोटं ‘/बूट’ पार्टिशन असलेल्या सर्व्हरवर हे कधी ना कधी होतंच. नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी छोटी फाइल-व्यवस्था) लिहिताना जागा संपते, कर्नलचं पॅकेज अर्धवट राहतं, आणि मग कोणतंही पॅकेज टाकायला गेलं तरी तीच एरर येते. आधी ‘यूनेम -आर’ करून चालू कर्नल लिहून ठेवा. ‘डीपीकेजी -एल’ने लिनक्स-इमेजची (कर्नलच्या पॅकेजांची) यादी काढा. चालू असलेला आणि सगळ्यात नवा सोडून एक जुना ‘ॲप्ट पर्ज’ने काढा. डिपेंडन्सी मोडलेली म्हणून ॲप्ट नकार देत असेल तर ‘डीपीकेजी --पर्ज’ वापरा. त्याच आवृत्तीचं ‘मॉड्युल्स-एक्स्ट्रा’ (कर्नलच्या जादा भागांचं पॅकेज) असेल तर दोन्ही नावं एकाच कमांडमध्ये द्या. जागा झाली की वरच्या दोन दुरुस्तीच्या कमांड. ‘/बूट’मधल्या फाइली थेट ‘आरएम’ने काढल्या तर डीपीकेजीच्या नोंदीत कर्नल जिवंतच राहतो, आणि पुढच्या वेळी ते त्याची इनिटरॅमएफएस पुन्हा बनवायला जाऊ शकतं.

काढणं

‘रिमूव्ह’ प्रोग्राम काढतं, ‘/ईटीसी’तली कॉन्फिग ठेवतं. ‘पर्ज’ कॉन्फिगही काढतं. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ‘आरसी’ खूण असलेली पॅकेजं म्हणजे रिमूव्ह झालेली पण कॉन्फिग मागे राहिलेली. डेटाबेसचं पॅकेज पर्ज करताना डेटाही काढायचा का असा प्रश्न येऊ शकतो. तिथे घाईने एंटर दाबू नका. ‘ऑटोरिमूव्ह’ दुसऱ्या कोणासाठी आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजं उचलतं. त्यातलं एखादं तुमच्या स्क्रिप्ट वापरत असतील तर ॲप्टला ते माहीत नसतं. ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने ते नाव तुमच्या खात्यावर घ्या.

बाहेरची रिपॉझिटरी

जुन्या सूचनांमध्ये ‘ॲप्ट-की ॲड’ दिसेल. डेबियन 13 मध्ये ती कमांडच उरलेली नाही. ती रीत गेली ते बरंच झालं, कारण तशी घातलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींसाठी चालायची. एका छोट्या रिपॉझिटरीची किल्ली चोरीला गेली तर तिच्या सहीने कोणत्याही नावाचं पॅकेज खपलं असतं. आता किल्ली ‘/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्स’मध्ये ठेवायची आणि रिपॉझिटरीच्या फाइलीत ‘साइन्ड-बाय’ने तिचा पत्ता द्यायचा. शिवाय ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी’मध्ये त्या ओरिजिनला (म्हणजे त्या रिपॉझिटरीला) सरसकट 100 प्राधान्य आणि हवं तेवढंच पॅकेज 500 केलं की ती रिपॉझिटरी तुमच्या लिबसीला (जवळपास सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या मूळ लायब्ररीला) धक्का लावत नाही.

पायथनच्या बाबतीत ‘पिप’ने (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाने) ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड’ म्हणून नकार दिला तर ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ देऊ नका. डेबियन 12 पासून हा नकार मुद्दाम घातलेला आहे, कारण सिस्टिमची काही साधनं त्याच पायथनवर चालतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमपासून वेगळी ठेवलेली पायथनची जागा) करा.

होल्ड, मागे जाणं आणि नोंदी

एखादी आवृत्ती गोठवायची तर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’. कोणकोणती गोठवली आहेत ते ‘शोहोल्ड’. विसरलेला होल्ड म्हणजे सुरक्षेची दुरुस्तीही न पोचणारं पॅकेज, तेव्हा ही यादी महिन्यातून एकदा डोळ्यांखालून घाला.

मागे जायचंच झालं तर ‘ॲप्ट लिस्ट -ए’ने मिळणाऱ्या आवृत्त्या पाहा आणि नाव, बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण आवृत्ती देऊन इन्स्टॉल करा. कोलनच्या आधीचा आकडा असेल तर तोही आवृत्तीचाच भाग, तो गाळायचा नाही. ‘ॲप्ट’ कमांड काम झाल्यावर डाउनलोड केलेल्या डेब फाइली पुसते, ‘ॲप्ट-गेट’ त्या ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’मध्ये ठेवते. रिपॉझिटरीतून जुनी आवृत्ती गेलेली असेल तर हा साठा कामी येतो.

काल रात्री काय बदललं याचं उत्तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’मध्ये: तारीख, कोणी चालवलं, कमांड आणि प्रत्येक पॅकेजची आधीची-नंतरची आवृत्ती. पडद्यावर आलेलं सगळं शेजारच्या ‘टर्म.लॉग’मध्ये असतं, वाचायच्या आत वर सरकून गेलेल्या इशाऱ्यासकट.